फुटबोर्डावरचं मीठ

मी गाडी जिभेने तपासायचो. लोक हॉर्न वाजवून बघतात, टायरला लाथ मारतात, बॉनेट उघडून आत बघत मान हलवतात. मी गाडीखाली आडवा व्हायचो, चासीच्या सांध्यावर बोट फिरवायचो आणि ते बोट जिभेला लावायचो. ज्याला किळस येते त्याने पुढे वाचू नये.

संपादकांनी निरोप पाठवला, की हल्ली हौशी लोक जुन्या मोठ्या गाड्या घेऊ लागलेत, पहिलीच गाडी घेताना काय बघावं ते दिवाळी अंकासाठी लिहा. माझं शिक्षण मराठी तिसरी. ऱ्हस्वदीर्घ संपादकांनी बघावं, मजकुराला हात लावू नये. लावला तर मला कळेल.

आधी जिभेचं सांगतो. माझा बाप मिठागरावर होता, त्याचा बापही. खाडीचं पाणी आगरात घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ धरलं की ओढून बाजूला करायचं. मागे जे पाणी राहतं ते कडू जहर, ते सोडून द्यायचं. म्हणून दर्याचं पाणी एखाद्या वस्तूवर नुसतंच वाळलं, तर त्याची चव आधी खारट आणि मागाहून कडू. आगरातलं मीठ मात्र नुसतं खारट, स्वच्छ. आमच्याकडे हा फरक रांगत्या पोराला कळतो. मी बापाच्या धंद्यात राहिलो नाही. लढाईच्या दिवसांत मुंबईला मिलिटरीचे ट्रक खोलायला शिकलो आणि देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी चौलच्या नाक्यावर स्वतःची शेड घातली. पण जीभ बापाचीच राहिली.

तिचा उपयोग असा. त्या काळी मुंबईचे श्रीमंत लोक ओहोटीला गाडी वाळूत घालायचे. गाडी रुतायची, भरती यायची. दुसऱ्या दिवशी बैल लावून ओढून काढायची, धुवायची, रंगवायची आणि विकायची. वरून नवरी. आतून मीठ तिला खात असतं. इंजिन बिघडलं तर मी करून देईन, स्प्रिंगचे पाटे तुटले तर बदलून देईन, पण मिठाने खाल्लेल्या चासीला औषध नाही. पोयनाडच्या एका गिरणीवाल्याने अशीच एक काळी गाडी आणली, तोंड दिसेल इतकी चकचकीत. मी बोट लावलं, जिभेला कडू लागलं. म्हटलं, शेठ, ही दर्यात बसून आलीय. तो हसला. दोन महिन्यांनी सासूबाईंना देवदर्शनाला नेताना गाडीचा तळ सुटला आणि सासूबाईंचे दोन्ही पाय थेट रस्त्याला लागले. पंधरावीस पावलं गाडी चालत होती आणि आत सासूबाईही चालत होत्या. तेव्हापासून अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत लोक म्हणू लागले, गाडी घेताय ना, आधी मिस्त्रीची जीभ लावून घ्या. माणसाला असं नाव मिळालं की डोकं ठिकाणावर राहत नाही. माझंही राहिलं नाही.

तेव्हा साहेबलोक निघून गेले होते, संस्थानं गेली होती, आणि राजेरजवाड्यांच्या गाड्या मुंबईत गॅरेजांतून धूळ खात पडल्या होत्या. पेट्रोल फार पितात म्हणून कोणी विचारीना. हौशी माणसाला असा काळ पुन्हा येणार नाही. पण आमच्याकडे हौशी माणूस निघाला तो कोण, तर रेवदंड्याच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सुमतीबाई.

बाई पहिल्यांदा शेडवर आल्या तेव्हा पन्नाशीच्या असतील. पांढरं पातळ, हातात छत्री, काखेत एक जाड वही. आल्या त्या आधी माझ्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. पाटीवर मी स्वतः रंगवलं होतं, 'येथे गाड्या दुरूस्त करून मीळतील.'

"मिस्त्री, खडू आहे का?"

"आहे. चासीवर खुणा करायला लागतो."

बाईंनी खडूने एक वेलांटी आणि एक उकार दुरुस्त केला. मग म्हणाल्या, "तुमची पाटी दुरुस्त झाली. आता माझं काम ऐका. मला गाडी घ्यायची आहे."

मी म्हटलं, "जीप बघू? लढाईतली एक आहे पेणला."

"जीप नको. मोठी. लांब नाकाची. आणि उघडी."

वही उघडून दाखवली. इंग्रजी मासिकांतली चित्रं कापून, खळ लावून, रांगेने चिकटवलेली. प्रत्येक चित्राखाली किती सिलिंडर, कुठली बनावट, बॉडी कोणी बांधली. मला माहीत नव्हतं तेवढं त्यांना माहीत होतं. (गाडीचं नाव मी या लेखात लिहिणार नाही. नाव लिहिलं की लोक नावावर बोलत बसतात, गाडी बाजूला राहते.)

"बाई, चालवणार कोण?"

"मी. तुम्ही शिकवा. मी तुम्हाला शुद्धलेखन शिकवते."

असा आमचा करार झाला. वर्षभर रविवारी मी त्यांना माझ्या जुन्या ट्रकवर नागावच्या रस्त्याने गाडी शिकवली आणि त्यांनी मला बाकावर बसवून लिहायला शिकवलं. गिअर टाकताना त्या चुकायच्या नाहीत. मी वेलांटी अजून चुकतो.

एकदा मी विचारलं, उघडीच का? पावसाळ्यात छपराची गाडी बरी. बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "मी तेरा वर्षांची होते. किल्ल्यापाशी एक गोरी बाई उघडी गाडी चालवत आली. तिचे केस मागे उडत होते. माझे त्याच महिन्यात काढले होते."

बाई बालविधवा हे मला माहीत होतं. पुढे भावाने पुण्याला नेऊन शिकवलं म्हणून केस वाढले आणि नोकरी लागली, हेही माहीत होतं. पण ज्याचं त्याने सांगितलं की वेगळं ऐकू येतं. मी पाना उचलून उगीच एक नट घट्ट केला.

बाईंच्या वाट्याला चौलची थोडी नारळसुपारीची वाडी होती, ती त्यांनी गाडीच्या पैशांसाठी दिराला देऊन टाकली. म्हणाल्या, "मिस्त्री, एकदाच घेता येईल. दुसऱ्यांदा देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. चुकायचं नाही."

मी म्हटलं, "माझी जीभ आजवर खोटी बोलली नाही."

रेवसहून लाँचने आम्ही भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि तिथून टेकडीवरच्या एका बंगल्यावर गेलो. एक पारशी म्हातारी, बानूबाई, नवरा गेल्यावर त्याची गाडी विकायला काढून बसली होती. तिचा ड्रायव्हर गणू राजापूरकडचा. गॅरेजमध्ये कप्पे करून त्याच्या बायकोचं आणि त्याचं बिऱ्हाडही तिथेच. गणूने गाडीवरची चादर काढली.

मी पुष्कळ गाड्या बघितल्या. तशी पुन्हा बघितली नाही. पिकलेल्या जांभळाच्या रंगाची, उघडी, बॉनेट एवढं लांब की टोकाला उभ्या माणसाला हाक मारावी लागेल. सीटचं कातडं भेगाळलेलं पण हाताने तेल लावून मऊ ठेवलेलं. दार लावलं तर जड पेटीचं झाकण बसावं तसा आवाज. बॉडीच्या आत लाकडाचा सांगाडा असतो तो मी बोटाच्या पेराने वाजवून बघितला, कुठे पोकळ नाही. हँडल मारलं, अर्ध्या फेऱ्यात इंजिन बोलू लागलं.

बाई जवळ गेल्या. एक पाय पायरीवर, म्हणजे फुटबोर्डावर ठेवला आणि थांबल्या. मग खाली उतरून चपला काढल्या, भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि अनवाणी आत जाऊन बसल्या. दोन्ही हात चाकावर.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी गाडीखाली आडवा झालो होतो.

चासी साफ. पाटे साफ. मग उजव्या फुटबोर्डाच्या सांध्यात बोट घातलं, तर पांढरा थर लागला. त्यात काळे बारीक कण. बोट जिभेला लावलं. मीठ.

वरून बानूबाई बघत होती. "अरे मिस्त्री, तू माझा गाडी चाटते काय? सकाळी नाश्ता नाय केला?"

मी अंग झाडत उठलो. "बाई, उतरा. ही दर्यात बसलेली गाडी आहे."

गणू एकदम पुढे आला. "काय बोलताय मिस्त्री? बावीस वर्षं मी चालवतोय. या गाडीने दर्या फक्त लांबून बघितलाय."

"मग हे मीठ काय आभाळातून पडलं? गंजाचे कण दिसतायत त्यात."

"देवाशपथ सांगतो..."

"तू तिचा ड्रायव्हर. तू दुसरं काय सांगणार?"

गणूचा चेहरा उतरला. बानूबाई म्हणाली, "गणू खोटा नाय बोलते हां." मी म्हटलं, "बाईसाहेब, गणूचं मला माहीत नाही. माझी जीभ खोटं बोलत नाही. सगळा अलिबाग तालुका सांगेल."

आता मी खरं लिहितो. ते मीठ कडू नव्हतं. माझ्या जिभेने मला सांगितलं होतं, हे स्वच्छ आहे, आगरातलं आहे. पण मीठ म्हटल्यावर मी पुढचं ऐकलंच नाही. तोंडातून शब्द निघून गेला होता, आणि चार माणसं बघत होती.

सुमतीबाई उतरल्या. वाकून फुटबोर्डाच्या त्या सांध्याकडे बघितलं, बोटाने एक काळा कण उचलला, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, त्यांना गंज बघायचाय. मग त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री सांगतील तसं."

परत येताना लाँचवर त्या वही उघडून बसल्या नाहीत. पाण्याकडे बघत बसल्या.

दोन महिन्यांत मी दुसरी शोधून काढली. अमेरिकन, एका छोट्या संस्थानिकाची, काळी, बंद छपराची. मिठाचा कण नाही, गंजाचा ठिपका नाही. बाईंना म्हटलं, उघडी नाही, पण शंभर वर्षं चालेल. बाई म्हणाल्या, "बरं." धरमतरच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. तरीच्या होडीवर चढवून गाडी अलीकडे आणली आणि खाडीचं पाणी उडू नये म्हणून मी चारही चाकांना गोणपाट बांधलं. एवढी काळजी.

शेडवर गाडी आली तशी माझी बायको मुठी भरून बाहेर आली. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, "तुमी गप ऱ्हा. एकल्या बाईची गाडी हाय, गाव बगतंय. नजर लागंल." आणि बडबडत मुठी गाडीवरून उतरवल्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे. पुढेही गाडी शेडवर आली की ती हेच करायची. मी लक्ष दिलं नाही. बायकांचं काम.

बाईंनी ती गाडी नेमाने वापरली. मुली स्पर्धेला नेल्या, एकदा अडलेली बाळंतीण अलिबागच्या दवाखान्यात पोचवली. गाडीने कधी दगा दिला नाही. लोक म्हणायचे, मिस्त्रीची जीभ! मी मिशीवर हात फिरवायचो. फक्त एक गोष्ट होती. बाई चपला घालूनच बसायच्या.

दीड वर्षाने गाडी मोठ्या कामाला शेडवर आली. पावसाळा संपला होता. मी फुटबोर्ड खोलला आणि सांध्यात पांढरा थर दिसला. त्यात काळे कण. म्हटलं, ही पण? बोट जिभेला लावलं. स्वच्छ खारट. काळा कण दातांखाली आला आणि फुटला. गंज फुटत नाही. जीभ चुरचुरली.

मोहरी.

मी तिथेच मातीत बसलो. बायकोच्या मुठीतून दर खेपेला सांडलेलं मीठ आणि मोहरी. दृष्टीचं मीठ. आणि त्या जांभळ्या गाडीच्या फुटबोर्डात एवढा जाड थर होता. म्हणजे किती वर्षं कोणीतरी तिची दृष्ट काढत होतं.

दुसऱ्या सकाळी बायकोला खोटं सांगून लाँच पकडली. बंगल्यावर गेलो तर गॅरेजचं दार सताड उघडं आणि आत दोरीवर कपडे वाळत होते. गाडी नव्हती. गणूची बायको मिरच्या निवडत बसली होती. मी विचारलं. तिने मला ओळखलं नाही, त्या दिवशी ती बाजारात गेली होती.

"दर अवसेला मी उतरवायचे," ती म्हणाली. "ह्यांना सांगितलं नव्हतं, हे ओरडले असते. एवढी सुंदर गाडी, रस्त्यात माणसं वळून बघायची. कोणाची नजर कशी असते काय सांगावं?"

"गाडी कोणी घेतली?"

"घेतली कुठे? कोण मिस्त्री आला होता, म्हणाला दर्यात बुडालेली. त्यानंतर तीन गिऱ्हाइकं आली. बानूबाईंनी तिघांनाही आधीच सांगितलं, एक जाणता माणूस असं असं म्हणून गेला, लपवून विकायची नाही मला. कोणी घेईना. शेवटी तोडायला दिली. हे दोन दिवस जेवले नाहीत."

मी त्या मिस्त्रीचं नाव सांगितलं नाही. गणू भाजी आणायला गेला होता. तो यायच्या आत निघालो. या एका गोष्टीची लाज मला आजही वाटते, चुकीपेक्षा जास्त.

रेवसला उतरलो तो थेट बाईंच्या ओटीवर गेलो. बाई वह्या तपासत होत्या. चहा दिला. चहा निवेपर्यंत मी बशी फिरवत बसलो. शेवटी म्हटलं, "बाई, ते मीठ दर्याचं नव्हतं."

"हो. दृष्टीचं होतं," बाई म्हणाल्या आणि पुढची वही घेतली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मोहरी होती त्यात. स्वयंपाक करणाऱ्या बाईला मोहरी कळत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही चारचौघांत म्हणालात, माझी जीभ खोटं बोलत नाही. तालुक्यातली माणसं तुमच्या जिभेच्या भरवशावर आपली बायकापोरं गाडीत बसवतात. ती चारचौघांत खोटी पाडून मी कुठल्या गाडीत सुखाने बसणार होते?" मग थोडं हसून म्हणाल्या, "आणि मी सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

"मग झालं तर. चहा प्या, निवला."

"ती तोडली, बाई."

बाईंचा हात वहीवर तसाच राहिला. मग म्हणाल्या, "मिस्त्री, हे कोणाला सांगू नका. मीही नाही सांगणार." त्यांनी माझ्यासाठी तसं म्हटलं, हे मला कळत होतं. आणि मीही, काय सांगू, मान डोलावली.

त्या आठवड्यात मी बाईंना न विचारता त्यांच्या गाडीचं छप्पर कापलं.

कापलं म्हणजे करवतीने, हाताने, चार दिवस. छप्पर गेलं की गाडी मधोमध वाकते. म्हणून खालून दोन लोखंडी पट्ट्या ठोकल्या, दारांचे खांब जाड केले. कापलेली कड घासून घासून गुळगुळीत केली, साडी अडकू नये म्हणून. पावसासाठी घडीचं छत पाहिजे होतं. ते रेवदंड्याच्या एका कोळ्याकडून शिवून घेतलं, होडीची शिडं शिवायचा तो. म्हणाला, "मिस्त्री, गाडीला शीड लावून कुठं निघालास, गोव्याला?" बायको म्हणाली, "चांगल्या गाडीचं डोस्कं उडवलंत. याड लागलंय." येणारेजाणारे थांबून बघायचे आणि मिस्त्रीचं बिनसलं म्हणत पुढे जायचे. मी काम चालूच ठेवलं.

बाईंना निरोप पाठवला. त्या छत्री टेकत आल्या आणि शेडच्या दारात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "रंगाचं राहिलंय. जांभळा मिळाला नाही."

बाई गाडीभोवती एक फेरी फिरल्या. कापलेल्या कडेवरून हात फिरवला. मग फुटबोर्डापाशी थांबल्या. खाली वाकल्या, चपला काढल्या, माझ्या शेडच्या भिंतीशी नीट लावून ठेवल्या.

मी खोकत बाहेर गेलो. चौलपासून नागावपर्यंत त्या एकट्या जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा अंबाडा सुटला होता आणि त्यांनी तो बांधला नव्हता.

आता पहिली जुनी मोठी गाडी घेणाऱ्यांसाठी. चासी बघा, लाकूड वाजवून बघा, दाराचा आवाज ऐका, सीटखाली नाक घालून कुबट वास येतो का बघा. हे कुठलाही मिस्त्री सांगेल. माझं सांगणं वेगळं आहे. गाडी घेताना घरातल्या ज्या माणसाला त्यात बसायचंय त्याच्या पायांकडे बघा. आणि फुटबोर्डाच्या सांध्यात मोहरी दिसली, तर डोळे मिटून घ्या. त्या गाडीवर कोणीतरी जीव लावलेला आहे, आणि अशी गाडी सहसा फसवत नाही.

सुमतीबाई आता पुण्याला भाचीकडे असतात. डोळ्यांनी दिसत नाही, अंक भाची वाचून दाखवते. बाईंनी आपला शब्द पाळला, कोणाला सांगितलं नाही. मी आज मोडतोय. बानूबाई असतील नसतील, गणू असेल नसेल, पण कोणी त्यांच्यातलं हे वाचत असेल तर त्याच्यासाठीही लिहितो. मी चारचौघांत बोललो होतो, तर शब्द मागेही चारचौघांतच घ्यायला पाहिजे. गणू खरं बोलत होता. ती गाडी दर्यात कधीच गेली नव्हती. ती मोहरी होती.

आणि बाई, 'मिळतील'ची वेलांटी या खेपेला मी संपादकांवर सोडलेली नाही.